पॅनलच्या मागे काय राहिलं? : केबिन दुरुस्तीतल्या मानवी चुकांची पार्श्वभूमी

नागपुरात वर्धा रोडने खापरीकडे जाताना मिहान या विमानतळालगतच्या औद्योगिक प्रकल्पातले हँगर, म्हणजे विमानं दुरुस्तीसाठी ठेवण्याच्या शेड, दिसतात. एअर इंडियाने 2006 मध्ये बोइंगला 68 विमानांची ऑर्डर दिली. त्या व्यवहाराचा भाग म्हणून बोइंगने इथे देखभाल केंद्र उभारलं आणि 2015 मध्ये ते सुरू झालं. देशाच्या मध्यावर असण्याचा फायदा नागपूरला आधीही झाला होता. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येऊन टपालाची अदलाबदल करत.

मोठ्या तपासणीसाठी विमान हँगरमध्ये आलं की आधी केबिन उघडी पडते. सीट, गालिचे, छताची पॅनल, गॅली (विमानातलं स्वयंपाकघर) सगळं निघतं. इंजिनावर काम करणाऱ्याचं घरी कौतुक होतं आणि केबिनवाल्याला ‘म्हणजे खुर्च्याच बसवतोस ना?’ असं विचारलं जातं. हा समज चुकीचा आहे आणि त्याची किंमत माणसांनी जिवाने मोजली आहे. केबिनमधलं बरंचसं काम शेवटी पॅनलखाली झाकलं जातं. मग राहिलेली त्रुटी डोळ्यांना दिसत नाही. फक्त जॉब कार्डवरची, म्हणजे करायच्या कामाच्या कागदावरची, सही दिसते.

या विषयातलं सर्वात वेदनादायी प्रकरण 1996 चं. अमेरिकेतील मायामीत व्हॅल्यूजेट कंपनीच्या एमडी-80 विमानांची देखभाल सेबरटेक या कंत्राटदाराकडे होती. प्रवाशांच्या डोक्यावरच्या मास्कना ऑक्सिजन पुरवणारे रासायनिक जनरेटर मुदत संपल्याने काढले जात होते. असा जनरेटर पेटला की त्याचं बाहेरचं आवरण सुमारे 250 अंश सेल्सिअसपर्यंत तापतं, म्हणून काढताना त्याच्या पिनवर सुरक्षा टोपी बसवायची असते. तसं जॉब कार्डवर लिहिलेलंही होतं. टोप्या उपलब्ध नव्हत्या, तरी कार्डावर सह्या झाल्या. सुमारे 144 जनरेटर पाच खोक्यांत भरले गेले, कागदावर ते रिकामे असल्याची नोंद झाली आणि 11 मे रोजी खोकी फ्लाइट 592 च्या मालकक्षात चढली. आग लागली, विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळलं आणि 110 जण गेले. टोपी नसल्याचं काहींना माहीत होतं, खोकी उचलणाऱ्यांना नव्हतं. एकाच्या ‘झालं’वर पुढच्याने विश्वास ठेवला आणि ही साखळी विमानापर्यंत पोचली.

चुका का होतात, हा प्रश्न त्याआधीच ऐरणीवर आला होता. 10 जून 1990 रोजी ब्रिटिश एअरवेजच्या फ्लाइट 5390 ची कॉकपिटची काच सुमारे 17,300 फुटांवर उडाली आणि कॅप्टन अर्धे बाहेर ओढले गेले. सुदैवाने ते वाचले. उड्डाणाच्या सुमारे 27 तास आधी, रात्रपाळीत माणसं कमी म्हणून शिफ्ट मॅनेजरने स्वतःच काच बसवली होती. नवे बोल्ट त्याने जुन्याशी नजरेने जुळवून घेतले. 90 पैकी 84 बोल्ट कमी जाडीचे निघाले, उरलेले आखूड. स्टोअरमधल्या माणसाने योग्य बोल्ट सांगितला होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. माहिती जवळच होती, पण पहाटेच्या त्या तासांत ती ऐकली गेली नाही.

अशा प्रकरणांनंतर ‘कोण चुकलं’ याच्या जोडीला ‘कशामुळे चुकलं’ हेही विचारलं जाऊ लागलं. कॅनडात गॉर्डन ड्युपाँट यांनी 1993 मध्ये चुकांमागच्या बारा कारणांची यादी मांडली. थकवा, दबाव, अपुरा संवाद, लक्ष विचलित होणं, ‘आपल्याकडे असंच करतात’ ही सवय, अशी ती कारणं आहेत. भारतात डीजीसीए या हवाई वाहतूक नियामकाच्या सीएआर-145 या देखभाल संस्थांसाठीच्या नियमांत कर्मचाऱ्यांना मानवी घटकांचं, म्हणजे माणसाकडून चुका का होतात याचं, प्रशिक्षण बंधनकारक झालं. नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 च्या वर असताना, बंद केबिनमध्ये छताकडे हात वर करून काम करणाऱ्याला थकवा म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

दोष कोणावर ठेवायचा याची घाई कशी नडते, हे 2012 मध्ये दिसलं. अमेरिकन एअरलाइन्सच्या बोइंग 757 विमानांत उड्डाणादरम्यान सीटच्या रांगा सुटल्या. कंपनीने आधी क्लॅम्प चुकीचा बसवल्याचं सांगितलं. काही दिवसांनी कारण बदललं. सांडलेली कॉफी आणि सोडा जमिनीवरच्या ट्रॅकमध्ये, म्हणजे सीट अडकवायच्या पट्टीत, साचून सीटचं लॉक नीट बसत नव्हतं. पहिल्या उत्तरावर थांबले असते, तर टेक्निशियनच्या माथी दोष राहिला असता आणि ट्रॅकमधली घाण तशीच.

आणि 5 जानेवारी 2024. अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग 737-9 विमानातून दरवाज्याच्या जागी बसवलेला प्लग हवेत सुटला. कारखान्यात रिव्हेट दुरुस्त करायला तो काढला होता आणि परत बसवताना चार बोल्ट राहिले. काढल्याची नोंदच नव्हती, त्यामुळे ते कोणी तपासायचं हेही ठरलं नव्हतं. वर केबिनचं पॅनल बसलं आणि सगळं व्यवस्थित दिसू लागलं. शेजारच्या दोन्ही सीट त्या दिवशी रिकाम्या होत्या.

मिहानमध्ये सकाळची शिफ्ट बदलते तेव्हाही अर्धं काम एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातं. ‘त्या सीटचं झालं ना, भाऊ?’ असं विचारलं की ‘झालंच आहे’ हे उत्तर तोंडात तयार असतं. त्यात किती बोल्ट लागले, कोणते राहिले, टॉर्क दिला (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळला) की नाही, यातलं काहीच नसतं. ते हँडओव्हर रजिस्टरमध्येच लिहावं लागतं, पॅनल बंद होण्याआधी.