स्नोमोबाइलच्या पोटाखालचं चिलखत

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या वॅलकूर गावच्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांनी 1959 साली ‘स्की-डू’ ही हलकी स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर धावणारी गाडी, बाजारात आणली. तेव्हापासून या गाड्या खूप वेगवान झाल्या, पण त्यांचं पोट मात्र नाजूकच राहिलं. पुढे बर्फावर घसरणाऱ्या दोन पट्ट्या, म्हणजे स्की, मागे फिरणारा रबरी पट्टा आणि इंजिनाखाली प्लास्टिकचं एक पातळ ताट, म्हणजे बेली पॅन. भुसभुशीत बर्फात दडलेला दगड किंवा तोडलेल्या झाडाचा खुंट वरून दिसत नाही. तो थेट या ताटाला भिडतो. म्हणून हौशी चालक त्याखाली आणखी एक पत्रा बसवतात, स्किड प्लेट. आपल्याकडे मोटरसायकलच्या इंजिनाखाली गार्ड असतो, तसाच.

आता कोणीही म्हणेल, दगडाशी गाठ आहे तर लोखंडच लावा. पण बर्फातले जाणकार बहुधा तीनेक मिलिमीटर जाडीचं पॉलिएथिलीन जातीचं प्लास्टिक लावतात. वजन हे एक कारण झालं. एवढ्या जाडीचा एक चौरस मीटर पोलादी पत्रा साडेतेवीस किलो भरतो, अ‍ॅल्युमिनियमचा आठ किलो आणि हे प्लास्टिक तीन किलोही भरत नाही. पण खरी गंमत घर्षणात आहे.

खोल बर्फात गाडी नुसती स्कीवर चालत नाही, पोटावरही घसरते. घसरताना घर्षणानं उष्णता निर्माण होते, बर्फाचा वरचा पापुद्रा किंचित वितळतो आणि त्या ओलाव्यावरून गाडी सरकते. बोडन आणि ह्यूज या संशोधकांनी 1939 साली स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखला प्रयोग करून ही कल्पना मांडली. ओलाव्याचा हा थर नेमका कसा असतो, यावर अजून वाद चालतात. पण धातू का अडतो, ते त्यातून कळतं. अ‍ॅल्युमिनियम पॉलिएथिलीनच्या शेकडो पट उष्णता वाहून नेतं. त्यामुळे घर्षणाची ऊब लगेच पत्र्यात पसरते आणि बर्फ कोरडाच राहतो. प्लास्टिक ती ऊब जागच्या जागी धरून ठेवतं. शिवाय त्याला पाणी चिकटत नाही.

हे प्लास्टिक कॅरीबॅगच्याच घराण्यातलं, पण त्याचे रेणू प्रचंड लांब. रेणुभार साधारण 30 ते 60 लाख. या साखळ्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की दगड लागला तर प्लास्टिक ओरखडतं, वाकतं आणि परत जागेवर येतं. अ‍ॅल्युमिनियमला पोचा पडला की तो कायमचा. पॉलिप्रॉपिलीन हे दुसरं प्लास्टिक 0 अंशाच्या आसपास ताठरायला लागतं, तर हे उणे 100 अंशांखालीही चिवट राहतं. स्कीच्या तळाला हेच असतं. जॉन चार्नली यांनी 1962 साली खुब्याच्या कृत्रिम सांध्यात हेच वापरलं. तुमच्या आजीचा गुडघा बदललेला असेल, तर तिच्या दोन धातूंच्या मध्ये बहुधा हेच सरकत असेल!

एवढ्या गुणी वस्तूचा एक मोठा दुर्गुण आहे. थंडीत ती भलतीच आकसते. गॅरेजमध्ये 20 अंश आणि बाहेर उणे 25 असेल, तर मीटरभर लांबीची प्लेट साडेसहा-सात मिलिमीटरनं लहान होते. ती ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याला बांधलेली असते, तो जेमतेम एक मिलिमीटर आकसतो. बैलगाडीच्या चाकावर लोहार लालभडक धाव चढवून पाणी ओततो, तेव्हा हे आकसणं त्याला हवंच असतं. इथे मात्र ते रिव्हेट उपटून काढतं किंवा भोकापासून प्लेट फाडतं.

म्हणून जोडणी सैल हवी. मधलं भोक बोल्टाच्या मापाचं आणि कडेची भोकं मध्याच्या दिशेनं तीन-चार मिलिमीटर लांबट. उबेत बसवताना बोल्ट या लांबट भोकाच्या आतल्या टोकाशी ठेवायचा, कारण पुढे भोक आत सरकणार असतं. खाली रुंद वॉशर, आणि बोल्ट आवळायचा तो प्लेट हातानं हलेल इतकाच. गोंदाच्या नादी लागू नये, पॉलिएथिलीनला तो धरतच नाही.

ड्रिलच्या टोकाला हव्या त्या खोलीवर टेप गुंडाळावा. पॅनच्या वर लगेच वायरी आणि शीतकाची नळी असते. तिला भोक पडलं, तर तीन मिलिमीटरचं काम तीन दिवसांचं होतं. सायलेन्सरचं तोंड जिथे खाली उघडतं, तिथली खाच ऐसपैस कापावी, कारण हे प्लास्टिक 135 अंशांच्या आसपास वितळतं. पाणी निचरायची भोकंही झाकू नयेत. आत साचलेलं पाणी गोठलं की फुगतं आणि दगडानं फुटायचं वाचलेलं पॅन बर्फच फोडतो.

उघड्या शेडमध्ये, ऐन थंडीत, भोकं नेमकी जुळवून प्लेट घट्ट आवळणारेही असतात. हिवाळाभर त्यांना काहीच जाणवत नाही. तिकडच्या उन्हाळ्यात, जुलैत ताडपत्री काढावी, तर प्लेट दोन-दोन रिव्हेटांच्या मध्ये भाजलेल्या पापडासारखी फुगलेली.