पार्श्वभूमी : गायतोंडे आणि थांबण्याचे वर्ष

अमूर्त चित्रे काढणारे वासुदेव गायतोंडे वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पूर्ण करत, ही गोष्ट आता चित्रकलेशी फारसा संबंध नसलेल्यांनाही ठाऊक आहे. लिलावांनी ती घरोघरी पोचवली. चित्र आतून सुचेपर्यंत हात न लावणारा माणूस, अशी त्यांची प्रतिमा त्यातून तयार झाली. ही प्रतिमा खोटी नाही, पण तिच्यामुळे त्यांचे कष्ट दिसेनासे होतात.

नागपूरचा जन्म, घराणे गोव्याचे, वाढ गिरगावच्या चाळीत आणि १९४८ मध्ये मुंबईच्या कलाशाळेची पदविका. सुरुवातीच्या कामात लघुचित्रांचा आणि एका स्विस चित्रकाराचा प्रभाव दिसतो. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आकृती मावळत गेल्या. झेन या ध्यानावर भर देणाऱ्या बौद्ध पंथाच्या विचारांची ओढही त्याच सुमाराची, म्हणजे १९६४ मध्ये शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला जाण्याच्या आधीची. अमेरिकेने त्यांना शांतता शिकवली असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम जरूर पाहावा. मुंबईत वॉर्डन रोडवर समुद्राला लागून असलेल्या बंगल्यात तेव्हा चित्रकार, नाटकवाले आणि सतारवादक शेजारी-शेजारी काम करत. गायतोंडे यांचा स्टुडिओही तिथेच होता.

ब्रशऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरवायची बोथट सुरी) आले, तशी त्यांची वाट पाहण्याची रीतही बदलली. रंगाचा थर द्यायचा, तो खरवडायचा, पुन्हा द्यायचा. कागदाचे फाटके तुकडे रंगात भिजवून कॅनव्हासवर दाबायचे आणि उचलायचे. उमटलेले काय ठेवायचे आणि काय पुसायचे, हे मात्र आधी ठरवता येत नाही. तिथे डोळ्यावर विश्वास ठेवावा लागतो आणि डोळ्याला वेळ द्यावा लागतो. अंतःप्रेरणा म्हणतात ती इथे रोज राबताना दिसते.

खरा वाद आहे तो १९८४ नंतरच्या वर्षांचा. गायतोंडे १९७२ पासून दिल्लीत राहत होते. अपघातात मानेला इजा झाली आणि मोठे कॅनव्हास थांबले. ही हकिकत दोन तऱ्हांनी सांगितली जाते. काहींच्या मते ते मौन स्वीकारलेले होते, साधनेचा पुढचा टप्पा. काहींना त्यात फक्त शरीराची अडचण दिसते. पहिली मांडणी ऐकायला सुंदर आहे, पण ती दुखणारी मान वगळून टाकते आणि ते मला अन्यायाचे वाटते. दुसरीही अपुरी पडते, कारण १९८५ ते १९८७ या काळात त्यांनी कागदावर शाईची लहान चित्रे केली. रेषा लिपीसारख्या, तरी वाचता न येणाऱ्या. हात थांबला नव्हता. जेवढे जमत होते तेवढ्यात तो शोध घेत होता. अपघात त्यांनी निवडला नव्हता, त्यानंतर कसे काम करायचे ते मात्र त्यांनीच ठरवले. पुढे ते कॅनव्हासकडे परतले.

२००१ मध्ये ते गेले, तेव्हा फार गाजावाजा झाला नाही. नंतरची वर्षे मात्र भराभर आली. २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात एका चित्राला २३.७ कोटी रुपये मिळाले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या संग्रहालयात सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. २०२१ मध्ये आणखी एक चित्र ३९.९८ कोटींना गेले. शाईच्या त्या छोट्या कागदांची चर्चा यात फारच कमी होते. अपघातानंतरचे गायतोंडे समजून घ्यायचे तर आधी तेच पाहायला हवेत.