बिले उपकरण

प्रस्तरारोहणात आरोहक पडल्यास त्याचा दोर घर्षणाने अडविणारे, मुठीत मावणारे धातूचे साधन. दोर सांभाळणारा, म्हणजे बिलेअर, ते आपल्या हार्नेसच्या (कमरेला व मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांच्या) पुढच्या कडीला, म्हणजे बिले लूपला, लॉकिंग कॅराबिनरने (गेट कुलूपबंद होणाऱ्या धातूच्या कडीने) अडकवितो. ‘बिले’ हा शब्द जहाजावरचा. खुंटीला दोराचे वेढे देऊन तो पक्का करणे असा त्याचा व्यवहारातला अर्थ. उपकरणाची निवड पुष्कळदा ‘आपोआप अडकते की नाही’ एवढ्यावर केली जाते. वस्तुतः दोराची जाडी, दोरांची संख्या आणि आरोहक बिलेअरच्या वर आहे की खाली, या तीन गोष्टींवरून ती ठरावी.

उपकरणे येण्यापूर्वी दोर खांद्यावरून किंवा कमरेमागून घेऊन अंगाच्या घर्षणावर पडणाऱ्याला तोलून धरीत. अमेरिकेतील सिएरा क्लबचे रिचर्ड लेनर्ड यांनी १९३० च्या दशकात दोर थोडा सरकू देऊन झटका मऊ करण्याची रीत सरावातून बसविली. तिची यांत्रिक मांडणी त्यांनी आर्नल्ड वेक्सलर यांच्यासह १९४६ मध्ये प्रसिद्ध केली. पहिले खास उपकरण म्हणजे फ्रिट्झ स्टिश्ट यांची खाचांची चकती. तिचा काळ कोणी १९६९, तर कोणी १९७० देतात. ‘१९७० च्या सुमारास’ म्हणणे सुरक्षित.

याच काळात रूढ झालेल्या मुंटर गाठीच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. उपकरणाविना, एकट्या कॅराबिनरवर घातली जाणारी ही गाठ स्विस वाटाडे व्हेर्नर मुंटर यांच्या नावाने ओळखली जाते. इटलीतील परंपरा तिचे श्रेय मारिओ बिसाच्चा, फ्रांको गार्दा व पिएत्रो जिलार्दोनी यांना देते, म्हणूनच तिला ‘इटालियन गाठ’ असेही नाव आहे. तसाच वेढा खलाशांना त्याआधी ठाऊक होता. तेव्हा मुंटर यांना जनकापेक्षा प्रसारक म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. पेअरच्या आकाराच्या रुंद कॅराबिनरवरील ‘एचएमएस’ ही खूण याच गाठीच्या जर्मन नावावरून आली आहे. उपकरण हातातून निसटून दरीत गेले, तर हीच गाठ कामी येते. ती दोराला पीळ मात्र फार घालते.

उपकरणाचे कार्य वेढ्यांच्या कोनावर अवलंबून असते. साध्या नळीच्या उपकरणात (त्यात दोराचा वेढा खाचेतून ओवून कॅराबिनरमध्ये अडकवितात) दोर कॅराबिनरवर १८० अंश वळतो आणि ब्रेकचा हात (दोराचा मोकळा पदर धरणारा) खाली असताना नळीच्या दोन कडांवर प्रत्येकी सुमारे ९० अंश, असे एकूण ३६० अंश भरतात. घर्षण गुणांक ०.२५ धरल्यास हातातील जोर जवळजवळ ४.८ पट होतो. २५० न्यूटनची पकड सुमारे १.२ किलोन्यूटन भार थोपविते. हात वर जाऊन दोराचे दोन्ही पदर समांतर झाले की कडांवरची वळणे नाहीशी होतात, गुणक २.२ वर येतो आणि तीच पकड ५५० न्यूटनच्या आसपास थांबते. ७० किग्रॅ. आरोहकाचे नुसते वजनच ६९० न्यूटन असते. वरच्या कॅराबिनरमधील घर्षण काही भार खाते, तरी पडण्याचा झटका याच्या कितीतरी पुढे जातो. हिशेब ढोबळ आहे, पण ‘ब्रेकचा हात खाली’ या नियमाचे मूळ त्यात दिसते. मुंटर गाठीचे वागणे याच्या उलट आहे: पदर समांतर असताना ती सर्वाधिक अडविते.

नळीच्या वर्गात ‘एटीसी’ हे उपकरण इतके रूढ आहे की पुष्कळजण कोणत्याही नळीला तेच नाव देतात. दोन खाचांमुळे ती दुपदरी दोरावर आणि रॅपलिंगला (दोरावरून खाली उतरण्याला) चालते. जादा कडी असलेला ‘गाइड’ प्रकार अँकरला (खडकातील पक्क्या आधाराला) थेट अडकवून मागून येणाऱ्याला वरून बिले देता येतो. त्यात आरोहकाकडचा पदर वर व ब्रेकचा पदर त्याखाली असावा लागतो. उलट घातल्यास दोर अडकतच नाही. आरोहक हवेत लोंबकळत असेल तर अडकलेले उपकरण सोडविणे जिकिरीचे असते. छोट्या छिद्रातून स्लिंग (पट्टीचा फास) ओवून ते तिरपे करावे लागते आणि सुटताना दोर एकदम मोकळा होतो. म्हणून आधी ब्रेकच्या पदरावर मुंटर किंवा प्रुसिक (भार येताच दोराला आवळणारी) गाठ घालतात.

कॅमच्या (फिरून दोर दाबणाऱ्या तुकड्याच्या) वर्गातील ग्रिग्री हे उपकरण पेट्झल कंपनीने १९९१ मध्ये आणले. झटका बसताच त्यातील कॅम फिरून दोर चिमटतो. २०१९ च्या आवृत्तीला ८.५ ते ११ मिमी. जाडीचा एकेरी दोर चालतो. दुपदरी दोर चालत नाही. ओल्या किंवा बर्फाळ दोरावर त्याचा भरवसा कमी. युरोपीय मानक ईएन १५१५१ चा पहिला भाग हाताच्या मदतीने अडकणाऱ्या, तर दुसरा भाग केवळ हाताच्या जोरावरच्या उपकरणांचा आहे. पहिल्या भागातही ‘हाताच्या मदतीने’ हे शब्द आहेत, हे विसरले जाते. नवशिक्याने नळीवर शिकावे की कॅमवर, याविषयी प्रशिक्षकांत दोन मते आहेत. एकेरी दोराच्या भिंतीवर कॅमचे पारडे जड दिसते; बहुटप्पी चढाईसाठी मात्र नळी टाळता येत नाही.

कॅम उपकरणातील चुका ठरावीक आहेत. दोर उलटा घातला जातो. चढाईपूर्वी आरोहकाकडचा पदर हिसकून पाहिल्यास ते लगेच कळते. लीड आरोहकाला (दोर वर नेत पुढे चढणाऱ्याला) घाईने दोर देताना अंगठा कॅमवर दाबून धरला जातो आणि नेमके तेव्हाच पडणे झाले तर कॅम फिरत नाही. आरोहकाला खाली सोडताना घाबरून दोर मोकळा करण्याची दांडी पूर्ण ओढली जाते. २०१७ च्या ग्रिग्री प्लसमध्ये यासाठी दांडी अति ओढल्यास पुन्हा अडविणारी योजना आहे. दोराचे टोक उपकरणातून निसटणे ही दुर्घटना मात्र कोणत्याही उपकरणात होते. टोकाला घट्ट गाठ, एवढाच तिच्यावर उपाय.

कॅराबिनर लूपमध्ये आडवा फिरल्यास भार गेटवर येतो. त्या दिशेला बहुतेक कॅराबिनरची ताकद ७ किलोन्यूटनच्या आसपास असते. नवा, गुळगुळीत आणि बारीक दोर अरुंद खाचेच्या नळीत घालावा. ॲल्युमिनियमची नळी वाळूचे कण चिकटलेल्या दोराने झिजते. खाचेच्या कडेवर नख फिरवून पाहावे. धार लागली तर उपकरण बाद करावे, कारण ती धार दोराचे आवरण कापते.