पिंपाची पवनचक्की आणि वादळी वारा

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की चक्कीला मिळणारी शक्ती आठपट होते आणि खांबावरचा रेटा चौपट. किनाऱ्यावर उभ्या आसाची चक्की बसवू पाहणारे पहिल्या आकड्यावर भाळतात, दुसऱ्याकडे काणाडोळा करतात.

घरच्या घरी करण्याजोगी चक्की म्हणजे फिनलंडच्या सिगुर्ड सावोनियस यांनी १९२०च्या दशकात काढलेली. दारिये पद्धतीची, म्हणजे उभ्या दांड्याभोवती धनुष्यासारखी वाकवलेली पाती जास्त वीज देतात खरी, पण ती आपणहून सुरू होतीलच असं नाही आणि सततच्या ताणाने तडकतात. पहिल्या प्रयत्नात त्या फंदात पडू नये.

२०० लिटरचा पत्र्याचा पिंप घ्या: व्यास सुमारे ५७ सेंमी, उंची ८८. थिनर-पेट्रोलचा मुळीच नको, आत राहिलेली वाफ ग्राइंडरच्या ठिणगीने भडकते. तळ-झाकण काढून पिंप मधोमध आडवा कापा, मग दोन्ही तुकडे उभे चिरा. चार पन्हळी मिळतील. दोन खाली, दोन वर, प्रत्येक जोडी वरून पाहिल्यास इंग्रजी S सारखी, आणि वरची जोडी ९० अंशांत फिरवलेली. एकाच मजल्याची चक्की ठरावीक कोनात अडून बसते, वारा असला तरी हलत नाही. जोडीतल्या पन्हळींच्या आतल्या कडा १० सेंमी एकमेकींपुढे सरकवा, म्हणजे रोटरचा व्यास १.०४ मीटर होतो. खाली, मध्ये आणि वर १२ मिमी मरीन प्लायच्या ११४ सेंमीच्या तबकड्या, जोड नायलॉक (थरथरीने सैल न होणाऱ्या) नटांचे.

आता मिळकत. ताशी ३६ किमी वाऱ्यात सुमारे ८० वॅट, ताशी १८ किमीत जेमतेम १०. फेरे मिनिटाला दीडशे-पावणेदोनशेच असतात, त्यामुळे गाडीचा आल्टर्नेटर इथे कुचकामी. कमी फेऱ्यांवर चालणारा, कायम चुंबकांचा जनित्र लागतो.

घात होतो तो बॅटरी भरल्यावर. सोलरचा चार्ज कंट्रोलर अशा वेळी जोडणी तोडतो आणि चक्की मोकाट सुटते. जून २०२०च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळासारख्या ताशी ११० किमी वाऱ्यात भाराविना ती मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या घरात जाऊ शकते. तेव्हा साडेतीन किलोची प्रत्येक पन्हळ ७०० किलोंहून जास्त जोराने बाहेर ओढली जाते. प्लायमधले बोल्ट तिथेच फाटतात. म्हणून जादा वीज हीटरच्या कॉइलमध्ये जिरवणारा पवनचक्कीचाच कंट्रोलर घ्या. शिवाय जनित्राच्या तिन्ही तारा एकमेकींना जोडणारा स्विच बसवा. तो ब्रेकचं काम करतो. मात्र वारा चढण्याआधी दाबायचा. वेगात दाबला तर जनित्राचं वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळतं.

थांबलेल्या रोटरलाही रेटा बसतोच. भारतीय मानकानुसार मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात. त्यात हा रोटर सव्वाशे किलोंच्या आसपास जोराने ढकलला जातो. दांडा फक्त खालून धरला तर वाकणारच. दांड्यासाठी ४० मिमीचा ब्राइट बार (गुळगुळीत पोलादी सळई), वर-खाली यूसीएफ २०८ (त्याच मापाची, बोल्टने बसणारी) बेअरिंग, आणि वरच्या बेअरिंगच्या प्लेटला ६ मिमी वायर रोपचे चार ताण, टर्नबकलसह (ताण घट्ट-सैल करणारा स्क्रू). खांब बिजागरीचा असावा, वादळाचा इशारा आला की आडवा करता येतो. स्लॅबवर उभारू नका: गच्चीवरचा वारा घुसळलेला असतो, आणि थरथर घरभर ऐकू येते.

बसवण्याआधी दांडा आडवा ठेवून रोटर हलकेच फिरवा. जड बाजू दरवेळी खाली येईल, समोर वॉशर लावत जा. खालच्या बेअरिंगवर सगळं वजन असतं. कॅनडातल्या कॅप-शा इथली ११० मीटर उंच दारिये चक्की १९९३ मध्ये खालचं बेअरिंग गेल्यानेच बंद पडली. रोटर न उतरवता ते बदलता येईल एवढी जागा चौकटीत आधीच सोडा.