काठावरचा हात आणि त्याचा सरकता काठ

दोन पानं पालथी: किलवर सत्ती आणि बदाम अठ्ठी. तिसरं उघडं: चौकट तिर्री. राणी उघडी असलेल्याने पैसे वाढवले आहेत. तुमच्यानंतर एक जण बोलायचा आहे आणि त्याच्यासमोर एक्का पडलाय. खेळायचं की पॅक करायचं?

सेव्हन-कार्ड स्टड हाय-लो खेळणाऱ्यासमोर हा प्रश्न दर थोड्या वेळाने येतोच. एक्का-दुर्री-तिर्री आली तर कुणी डोकं खाजवत नाही, आणि राजा-नव्वी-चौका आला तर पानं टाकून चहा मागवतात. घोळ मधल्या हातांचा आहे. आठ-सात-तीन, बादशहांची जोडी आणि सोबत एक बारीक पान, एकाच रंगाची तीन पण त्यातली दोनच बारीक, असे हात. यांना काठावरचे हात म्हणतात आणि त्यांच्याविषयीचे सल्ले एकमेकांशी पटत नाहीत. याचं एक कारण असं की हे सल्ले वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या नियमांच्या खेळासाठी दिले गेले. खेळाचं नाव जवळपास तेच राहिलं आणि काठ मात्र सरकत गेला.

आधी खेळ थोडक्यात. तीन पत्ती खेळलेल्याला तो कळायला जड नाही. बूट लावायचा, दोन पालथी आणि एक उघडं पान मिळतं. फरक एवढाच की तीन पत्तीत हात तिथेच पुरा होतो, इथे तो तिथून सुरू होतो. मग एकेक करत तीन पानं उघडी, शेवटचं सातवं पालथं, आणि दर पानाला बोली. अखेरीस पॉटचे, म्हणजे मधे जमलेल्या पैशांचे, दोन भाग होतात. अर्धा भाग सर्वांत मोठ्या पाच पानांना. उरलेला अर्धा सर्वांत लहान पाच पानांना, म्हणजे आपल्याकडे मुफलिस खेळतात त्या हिशेबाला. पण लहान हातासाठी एक अट आहे: पाचही पानं वेगवेगळी आणि अठ्ठीच्या आतली हवीत. अठ्ठी चालते, नव्वी नाही. असा हात कुणाकडेच नसेल तर मोठ्या हाताला पूर्ण पॉट. एक्का दोन्हीकडे चालतो. सात पानांतली कुठली पाच मोठ्या हातासाठी आणि कुठली लहान हातासाठी, हे ज्याचं त्याने ठरवायचं, त्यामुळे एकच माणूस दोन्ही अर्धे घेऊ शकतो. त्याला स्कूप म्हणतात आणि सगळा खेळ त्यासाठीच आहे.

स्टड अमेरिकेतला, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचा, यादवी युद्धाच्या आसपास रुळलेला. त्याआधीचा ड्रॉ पोकर पूर्ण झाकलेला होता. समोरच्याकडे काय आहे याचा अंदाज त्याने किती पानं बदलली यावरून आणि चेहऱ्यावरून बांधायचा. स्टडने काही पानं टेबलावर उघडी मांडली आणि खेळात हिशेब शिरला. कुठली पानं मेली, कुठली अजून गड्डीत जिवंत आहेत, हे डोळ्यांना दिसू लागलं. आधी पाच पानांचा स्टड चालायचा, विसाव्या शतकात सात पानांचा लोकप्रिय झाला.

पॉट वाटून घ्यायची कल्पना घरगुती टेबलांवरची. अमेरिकेत आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जमणारी मंडळी, पानं वाटणाऱ्याने प्रकार निवडायचा अशी पद्धत. रात्रभर पानं वाईट आली तर माणूस कंटाळून उठतो आणि टेबल मोडतं. लहान हातालाही बक्षीस दिलं की सगळे बसून राहतात. यामागे एवढीच सोय असावी असं मला वाटतं. या घरगुती हाय-लोमध्ये घोषणा करायची रीत होती. सातवं पान आल्यावर प्रत्येकाने टेबलाखाली मुठीत चिप्स घ्यायच्या आणि सगळ्यांनी एकदम मूठ उघडायची. रिकामी मूठ म्हणजे लहान, एक चिप म्हणजे मोठा, दोन म्हणजे दोन्ही. संकेत घरागणिक बदलत. दोन्ही म्हणालात आणि एकीकडे हरलात तर बहुतेक घरांत दोन्ही गेलं.

त्या टेबलावर काठावरचा हात म्हणजे काय? समजा, चौघे उरलेत आणि तिघांच्या समोर बारीक पानं पडली आहेत. तुमच्याकडे नव्व्यांची जोडी. एरवी कवडीमोल. पण तिघांनीही रिकामी मूठ उघडली आणि तुमच्या मुठीत एक चिप निघाली, तर अर्धा पॉट बिनविरोध तुमचा. म्हणजे हातापेक्षा मूठ मोठी ठरत होती. त्या काळचे लोक काहीही घेऊन खेळायचे अशी त्यांची थट्टा होते, पण त्यांच्या नियमांत ते तितकंसं चूक नव्हतं.

कॅसिनोला ही मुठींची भानगड परवडणारी नव्हती. भांडणं होतात, वेळ जातो, टेबलाखालचं काही दिसत नाही. तिथे पानं उघडायची आणि पानांनीच बोलायचं हा नियम आला. मध्यम हाताचा तो बिनविरोध अर्धा एका फटक्यात गेला.

१९७० च्या दशकात लास वेगासमध्ये वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या दरवर्षीच्या स्पर्धामालिकेच्या कार्यक्रमात वाटणीचा स्टड आला. १९७७ मध्ये त्यातली १,००० डॉलर प्रवेश रकमेची स्पर्धा व्यावसायिक खेळाडू डॉयल ब्रन्सन यांनी जिंकली. त्याच वर्षीची होल्डेमची (दोन पानं स्वतःची, बाकीची टेबलावर सगळ्यांची सामाईक, असा प्रकार) मुख्य स्पर्धाही त्यांचीच, आणि तिथला शेवटचा डाव त्यांनी दश्शी-दुर्री या टाकाऊ पानांवर मारला, तोही सलग दुसऱ्या वर्षी. काठाच्या बऱ्याच पलीकडच्या या हाताला होल्डेममध्ये आजही त्यांच्या नावाने ओळखतात. पुढच्या वर्षी ब्रन्सन यांनी पोकरवरचं आपलं जाडजूड पुस्तक काढलं आणि त्यातलं हाय-लोचं प्रकरण डेव्हिड स्क्लान्स्की यांच्याकडून लिहून घेतलं. हा माणूस गणिताच्या अंगाने विचार करणारा. लहान पानांपासून निघालेला हात पुढे मोठा होऊ शकतो, मोठ्या जोडीपासून निघालेला मात्र सहसा लहान होत नाही, ही या खेळातली कळीची गोष्ट. तिचा कागदावर हिशेब मांडायची सवय त्या पिढीने लावली.

अठ्ठीची अट नसलेल्या खेळात ही गोष्ट फारच एकतर्फी होती. अट नाही म्हणजे लहान हात कुणाचा तरी असतोच, मग तो गुलामापर्यंतचा का असेना. बादशहांची जोडी घेऊन बसलेल्याला फार तर अर्धा पॉट, त्यापुढे वाट बंद. म्हणून जाणकार मोठ्या जोड्या सरळ टाकायचे, सगळे जाणकार फक्त बारीक पानं खेळायचे आणि नवखे भराभर नागवले जायचे. नवखे उठून गेले की जाणकारांना खायला उरतं काय? अठ्ठीची अट १९८० च्या दशकात कॅसिनोंमध्ये रूढ झाली त्यामागे हेही असावं.

अटीने काय बदललं ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. हे आकडे कुणीही कागदावर काढू शकतो. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० संच होतात. त्यांपैकी तिन्ही वेगळी आणि अठ्ठीच्या आतली असे ३,५८४, म्हणजे साधारण सहात एक. अशी तीन बारीक पानं हातात असताना, इतरांची पानं न बघता आणि शेवटपर्यंत टिकून राहिल्यास, लहान हात पुरा होण्याची शक्यता ४८ टक्के. निम्म्याहूनही कमी! एकट्या बारीक पानवाल्यासमोर बादशहांची जोडी असेल तर जवळपास निम्म्या वेळा लहान हात होतच नाही, आणि जोडी तगली तर पूर्ण पॉट तिचा. जो हात कचऱ्यात होता तो उचलून काठावर आणून ठेवण्याचं काम या एका नियमाने केलं. मात्र समोर एकच जण हवा. तिघे बारीक पानवाले असतील तर कुणाचा ना कुणाचा लहान हात बहुतेक वेळा होतोच, आणि बादशहा पुन्हा अर्ध्यावर.

चौथ्या पानाला आणखी गंमत होते. तीन बारीक पानांवर चौथं कामाचं बारीक आलं की ४८ चे ७१ टक्के होतात. बादशहा किंवा राणी पडली की थेट ३२. म्हणून या खेळातले जुने लोक सांगतात की तिसऱ्या पानाला काठावरचा हात घेतलात तर चौथं वाईट पडताच निमूट पॅक करायची तयारी ठेवा. पाचव्या पानापासून बोली दुप्पट होते, तिथवर रेंगाळलात तर स्वस्तातली चूक महागात जाते.

आता सुरुवातीच्या आठ-सात-तीनकडे या. तुम्हाला एक्का, दुर्री, चौका, पंजा, छक्की यांतली दोन वेगळी पानं हवीत. टेबलावर आठ जण आहेत, म्हणजे इतरांची सात पानं उघडी दिसताहेत. त्या सातांत या पाच प्रकारांतलं प्रत्येकी एक पान गेलं असेल आणि उरलेली दोन चित्रं असतील, तर शक्यता ४० टक्क्यांवर येते. सातही पानं नव्वीच्या वरची असतील तर ५९. तुमच्या हातातली तीन पानं तीच आहेत. काठावरचा हात कोणता असा प्रश्न विचारणाऱ्याने उरलेली सात पानं सांगितली नसतील, तर त्याने अर्धाच प्रश्न विचारलाय. आणि ५९ टक्के असले तरी या हाताचं दुखणं वेगळंच आहे: पुरा झाला तरी तो बहुधा आठ-सातचाच होतो (लहान हाताला त्यातल्या सर्वांत मोठ्या दोन पानांवरून नाव देतात) आणि सात-पाच, सहा-चार असल्या कुठल्याही हातापुढे पडतो. म्हणजे अर्ध्यासाठी धावायचं आणि तोही अर्धा गमवायचा. राणीने वाढवलंय आणि मागे एक्का बसलाय, अशा वेळी मी तरी पॅक करेन.

अर्ध्या पॉटची किंमतही डोळ्यांना फसवते. तिघांनी शंभर-शंभर घातले. अर्धा मिळाला म्हणजे दीडशे, फायदा पन्नास. स्कूप केला तर तीनशे, फायदा दोनशे. दुप्पट पैसे, चौपट फायदा. लहान हातात बरोबरी झाली तर वाट्याला चौथाई येते, म्हणजे पंचाहत्तर, आणि जिंकूनही पंचवीस खिशातून जातात. दोघेच उरले असतील तर अर्धा म्हणजे आपलेच पैसे परत, वर बुटातला निम्मा चुरा. चार-पाच-सहा एकाच रंगात आली की अनुभवी माणूस का हरखतो आणि आठ-सात-दोनवर तोंड का वाकडं करतो, ते इथे आहे. पहिल्या हाताला सिक्वेन्सही आहे, कलरही आहे, लहान हातही आहे. दुसऱ्याला एकच दार, तेही अरुंद.

पहिली सक्तीची बोली कुणी लावायची, हा नियमही साध्या स्टडमधून जसाच्या तसा उचललाय. सर्वांत लहान उघडं पान असलेल्याने ती लावायची. साध्या स्टडमध्ये दुर्री म्हणजे दुर्दैव, तिला दंड ठीक होता. हाय-लोमध्ये तीच दुर्री कामाची, तरी दंड तिलाच. उलट एक्का या बाबतीत मोठा धरतात, त्यामुळे सर्वांत कामाचं पान दंडातून सुटतं. एक्का दाखवून बूट उचलून न्यायची चाल त्यातून आली. मागे बसलेल्यांसमोर राजे-राण्या उघड्या असतील तर एक्केवाला पालथी पानं न बघताही पैसे वाढवेल, आणि तो निदान निम्मा तरी बरोबर असेल.

लहान हात मोजायची रीत कॅलिफोर्नियाची. तिथे एकोणिसाव्या शतकातल्या कायद्यात स्टडच्या एका प्रकाराचं नाव घालून बंदी होती, म्हणून लॉस एंजेलिसजवळच्या गार्डिनाच्या क्लबांत लोक पिढ्यान्‌पिढ्या ड्रॉ आणि लोबॉल (लहान हात जिंकतो असा ड्रॉ) खेळले. तिथल्या लोबॉलमध्ये एक्का लहान आणि सिक्वेन्स-कलर आड येत नाहीत, पाच-चार-तीन-दोन-एक्का हा सर्वांत चांगला हात. हाय-लोनेही हेच घेतलं. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथे स्टड आणि होल्डेमला वाट मोकळी झाली, तेव्हा लहान हाताची जाण मुरलेला एक मोठा गिऱ्हाईकवर्ग आयताच तयार होता. १९९२ मध्ये रे झी यांचं वाटणीच्या पोकरवरचं पुस्तक आलं, त्यात अठ्ठीच्या अटीचा स्टड आणि तसाच ओमाहा (होल्डेमचाच, पण हातात चार पानं असलेला प्रकार) यांचा विचार आहे. स्क्लान्स्कींच्या, त्याच्या चौदा वर्षं आधीच्या प्रकरणाशेजारी ते ठेवून वाचणाऱ्याने आधी नियम जुळवून घ्यावेत, मग सल्ले.

त्यानंतर ओमाहाने या स्टडची टेबलं खाल्ली, आणि २००३ नंतर होल्डेमने जवळपास सगळ्यांचीच. स्टड हाय-लो तगला तो मुख्यतः मिश्र खेळांत. पाच खेळ आळीपाळीने खेळायच्या हॉर्स (HORSE) या प्रकाराच्या इंग्रजी नावातलं शेवटचं अक्षर, E म्हणजे एट, त्याचं. २००६ मध्ये वर्ल्ड सिरीजमध्ये ५०,००० डॉलर प्रवेश रकमेची हॉर्स स्पर्धा पहिल्यांदा झाली. १४३ जण बसले आणि चिप रीस जिंकले. पण अंतिम टेबलावर टीव्हीसाठी नुसता होल्डेमच खेळवला, म्हणजे हॉर्सच्या पहिल्या मानकऱ्याला शेवटच्या रात्री स्टडचं एकही पान बघावं लागलं नाही.

हॉर्समध्ये खेळांचा क्रम ठरलेला असतो. होल्डेम, ओमाहा, रॅझ (फक्त लहान हात जिंकतो असा स्टड), मग साधा स्टड, आणि लगेच त्यानंतर स्टड हाय-लो. पानं तशीच वाटली जातात, दोन पालथी एक उघडं, चिप्सही त्याच, माणसंही तीच. बदल सांगणारी एक प्लॅस्टिकची पाटी डीलर उलटून ठेवतो. पाच मिनिटांपूर्वी बादशहांच्या जोडीवर डोळे झाकून पैसे वाढवणाऱ्याला पुन्हा तीच जोडी येते, सोबत एक चौका. उजवीकडे पंजा उघडा आहे, डावीकडे एक्का. त्याचा हात सवयीने चिप्सकडे जातो, आणि मग तो पाटीकडे बघतो.