क्लास लावायचा की स्टुडिओत जागा घ्यायची?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या मातीकामाच्या खोलीवर एक वहिनी आल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, मुलं पुण्याला, दुपार मोकळी. महिन्याचे पैसे भरले, तीन दिवस चाकासमोर बसून पाहिलं आणि चौथ्या दिवशी म्हणाल्या, "ताई, मला इथं कुणी काहीच सांगंना. पैसे तर घेतलेत की!" चूक त्यांची नव्हती. आमच्या दारावरच्या पाटीवर 'क्लास व स्टुडिओ' असं एका ओळीत लिहिलेलं आहे. खोली एक, चाकं तीच, भट्टी तीच. त्यांनी क्लास समजून स्टुडिओचे पैसे भरले होते.

याच्या उलटही होतं. एक तरुण मुलगा क्लासला आला आणि दुसऱ्याच दिवशी विचारायला लागला, की रात्री आठनंतर येऊन माझं माझं काही करत बसलो तर चालेल का. क्लासच्या पैशांत ते बसत नव्हतं. छत्रपती संभाजीनगरात अशा जागा आता कुठे कुठे दिसायला लागल्या आहेत, आणि हा घोळ मी इतक्या वेळा पाहिला आहे की एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटलं.

क्लासचे पैसे हे शिकवणाऱ्याच्या वेळेचे. दिवस ठरलेला, तास ठरलेले, आज काय करायचं तेही ठरलेलं. माती आणि भाजणी बहुतेक ठिकाणी फीमध्येच धरलेली असते. स्टुडिओचे पैसे जागेचे आणि साधनांचे. महिन्याचं भाडं, एक फळी तुमच्या नावाची, चाकावर पाळी, माती किलोवर आणि भाजणी भांड्याच्या आकारावर. तिथे बाजूला बसलेला माणूस तुमच्यापेक्षा दहा वर्षं जुना असेल, विचारलंत तर मनापासून सांगेलही. पण न विचारता सांगणं हे त्याचं काम नाही.

आपल्याकडे हा घोळ जास्त होण्याला एक कारण आहे. माझ्या वयाच्या लोकांना 'चित्रकलेचा क्लास' म्हटलं की एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट आठवते. स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती, प्रत्येक पेपरला वेळ लावलेली आणि शेवटी श्रेणी. त्या परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या हातात ब्रश दिला, ते ऋण मी मानते. पण कलेच्या खोलीत शिरलं की कुणीतरी विषय देणार, कुणीतरी तपासणार, ही सवय त्यातूनच लागली. पन्नाशीत हौसेनं शिकायला येणारा माणूसही कागद पुढे घेऊन सर येण्याची वाट बघत बसतो.

दोन्हींची मुळं खरं तर वेगळी आहेत. लंडनचं सिटी लिट 1919 साली सुरू झालं ते कामावरून सुटलेल्या प्रौढांसाठी वर्ग म्हणून. आपल्या देशात दिल्लीला ललित कला अकादमीनं 1976 मध्ये गढीचे स्टुडिओ उघडले. तिथे कलावंताला काम करायला जागा मिळते, मूर्तिकाम, मातीकाम आणि छापचित्रांची साधनं सामाईक. भोपाळच्या भारत भवनात 1982 पासून मातीकामाच्या आणि छापचित्रांच्या कार्यशाळा आहेत. या जागा मुख्यतः कलावंतांच्या, हौशी माणसाच्या नव्हेत. पण महागडी साधनं चारचौघांत वाटून घ्यायची, ही रीत तीच.

आता एकच वाडगा दोन्हीकडे कसा होतो ते पाहा. फरक तिथे हाताला लागतो.

क्लासमध्ये माती मळून, गोळा करून तुमच्यापुढे येते. चाकाच्या मधोमध गोळा स्थिर करणं हे सगळ्यात अवघड. तुमचे हात हलायला लागले की शिकवणाऱ्या ताई मागून येऊन आपले हात तुमच्या हातांवर ठेवतात आणि गोळा शांत होतो. वाडगा उठतो. पुढच्या आठवड्यात याल तेव्हा तो नेमका बूड खरडून नीट करण्याजोगा झालेला असतो. महिन्याभरानं चकाकता वाडगा कागदात गुंडाळून घरी येतो. आनंद होतो आणि तो खराच असतो. पण मधल्या दिवसांत त्या वाडग्याला कुणी जपलं, ते आपल्याला दिसलेलं नसतं.

स्टुडिओत ते सगळं तुमच्यावर. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. काठ दुपारपर्यंत कोरडा खडखडीत, बूड अजून ओलं, आणि संध्याकाळी काठापासून खाली गेलेली चीर. म्हणून काठावर प्लास्टिक, त्यावर ओलं गोणपाट, आणि पंख्याखाली काहीही ठेवायचं नाही. हे मला क्लासमध्ये दोनदा सांगितलं होतं, मी वहीत लिहूनही घेतलं होतं. समजलं ते स्टुडिओत चार वाडगे गेल्यावर.

भाजणीचंही तसंच. पहिली भाजणी साधारण 900 ते 1000 अंश सेल्सिअसवर. आत ओल राहिली असेल तर पाण्याची वाफ होते आणि भांडं फुटतं, शेजाऱ्याचं भांडंही घेऊन जातं. दुसरी भाजणी चकाकीची, म्हणजे भांड्यावर चढवलेल्या काचेसारख्या लेपाची; स्टोनवेअरची, म्हणजे जास्त आचेला पक्की होणारी, माती असेल तर 1200 अंशांच्या वर. त्यात भांड्याच्या बुडाला चकाकीचा द्रव राहिला तर तो वितळून भट्टीच्या फळीला चिकटतो. क्लासमध्ये ताई प्रत्येक बूड ओल्या स्पंजानं पुसून घेत होत्या, आम्हाला पत्ताच नव्हता. स्टुडिओतल्या माझ्या तिसऱ्या भाजणीत माझा एक कप फळीसकट बाहेर आला. फळी सगळ्यांची होती, मी भरून दिली. माती ओली असल्यापासून दुसऱ्या भाजणीपर्यंत भांडं दहा-बारा टक्के आकसतं हेही तिथेच कळलं, कारण झाकण आणि बरणी मी वेगवेगळ्या दिवशी केली होती.

मातीचं एक सांगायलाच हवं. मराठवाड्यात काळ्या मातीला तोटा नाही, मग माती विकत कशाला, असं नवा माणूस हमखास विचारतो. काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळताना भेगाळते. उन्हाळ्यात शेतात जे दिसतं तेच भांड्यात होतं. कुंभारही ती एकटी वापरत नाहीत. तळ्याचा गाळ घेतात, त्यात राख, लीद असं काही मिसळतात. क्लासमध्ये तयार मातीची थैली उघडून मिळते. स्टुडिओत मात्र एखाद्याला वाटलं तर तो आपल्या शेताची माती घेऊन येतो, गाळतो, वाळू मिसळून पाहतो, छोट्या वड्या करून भाजतो. त्यातल्या बऱ्याच फुकट जातात. पण असा प्रयोग करायला जागा असणं हेच मला स्टुडिओचं मोल वाटतं.

पाण्याचंही शिस्तीत करावं लागतं. नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात हात धुतलेलं पाणी कुणी ओतून देत नाही. तीन बादल्या ओळीनं ठेवायच्या, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी पुन्हा वापरायचं, खालची माती पुन्हा मळायची. मोरीत माती गेली तर पाइप तुंबतो तो वेगळाच. क्लासला येणाऱ्याला या बादल्या फक्त दिसतात. स्टुडिओत त्या रिकाम्या करायची पाळी लागते.

चित्रकलेत हा फरक आणखी ठळक आहे. आमच्याकडच्या जवळजवळ प्रत्येक चित्रकला क्लासच्या भिंतीवर अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी असतो. चार-पाच बैठकांत ॲक्रिलिकमध्ये करून घेतात. त्यातून रेषा शिकता येते, डोळ्यांचा तो झुकाव कसा येतो ते कळतं, मी ते हलकं समजत नाही. पण आमच्या स्टुडिओतल्या एका मैत्रिणीला प्रश्न पडला की ते चित्र ज्या गिलाव्यावर आहे तो कसा असेल. अजिंठ्याची चित्रं ओल्या चुन्यावर केलेली नाहीत. दगडावर माती, भाताचं तूस आणि वनस्पतींचे धागे कालवून गिलावा दिलेला, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ. निळा मात्र लांबून, अफगाणिस्तानाकडून आलेल्या दगडाचा. तिनं लाकडी फळीवर असा गिलावा द्यायला घेतला. दोनदा तडकला. तिसऱ्यांदा तूस वाढवलं, थर पातळ केले, तेव्हा टिकला. त्यावर आजवर फक्त एक हात आणि एक कमळ झालं आहे, आणि ते ती कुणालाही विकणार नाही. कोणत्याही क्लासच्या वेळापत्रकात तीन महिने असे बसवता येत नाहीत.

एका दिवसाची कार्यशाळा ही तिसरी गोष्ट. चव घ्यायला ठीक, तिच्यावरून निर्णय घेऊ नये. आणि पैठणला मागावर बसलेल्या विणकराच्या घरी 'मला दोन दिवसांत शिकवा' म्हणून कृपा करून जाऊ नका. तिथे बाजूला बसून छोट्या तिल्ल्यांनी, म्हणजे धागा गुंडाळलेल्या काड्यांनी, एकेक रंगाचा धागा गुंफत वर्षानुवर्षं शिकलं जातं. तो त्यांचा चरितार्थ आहे, आपला छंद नव्हे.

मला विचाराल तर आधी क्लास, किमान चार-सहा महिने. चाकावर गोळा स्वतःच्या हातानं मधोमध आणता येईपर्यंत स्टुडिओचं भाडं भरणं म्हणजे रोज हिरमुसून घरी जाणं. पण तोच प्राथमिक कोर्स तिसऱ्यांदा लावणारेही मी पाहते. तिथे हात तयार असतो, कमी असतो तो धीर. अशांना मी हात धरून स्टुडिओत ओढते.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. भट्टी कोण भरतं आणि किती दिवसांनी लागते. माझी फळी कोणती. आणि किल्ली मला मिळणार का. किल्ली मिळणार नसेल, तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, तो क्लास आहे.

त्या वहिनींचे पैसे आम्ही क्लासकडे वळवले. दिवाळीच्या आधी त्यांनी पंचवीस पणत्या केल्या, अकरा तडकल्या. जानेवारीपासून मंगळवार दुपारची चाकाची पाळी त्यांची आहे, आणि पाटीवर आता दोन ओळी आहेत.