विद्युत दाब विभाजक

दोन किंवा अधिक रोधक (रेझिस्टर) एकसर, म्हणजे एकापुढे एक, जोडून आदान (इनपुट) विद्युत दाबाचा ठरावीक अंश मिळवून देणाऱ्या मंडलास विद्युत दाब विभाजक म्हणतात. व्यवहारात व्होल्टेज डिव्हायडर हे नाव अधिक रूढ आहे. पहिल्या रोधकाचे (रो१) एक टोक आदान दाबाला व दुसऱ्या रोधकाचे (रो२) एक टोक भूमीला (शून्य दाबाच्या बिंदूला) जोडतात आणि दोहोंच्या सांध्यावरून निर्गत (आउटपुट) दाब घेतात.

एकसर मंडलात सर्वत्र एकच प्रवाह वाहतो व ओहमच्या नियमानुसार प्रत्येक रोधकावरील दाब त्याच्या रोधाच्या प्रमाणात असतो, म्हणून पुढील सूत्र मिळते :

निर्गत दाब = आदान दाब × रो२ ÷ (रो१ + रो२)

आदान दाब ५ व्होल्ट, रो१ १ किलोओहम व रो२ २ किलोओहम असल्यास प्रवाह सुमारे १.६७ मिलिअँपिअर आणि निर्गत दाब ३.३३ व्होल्ट येतो. सूत्रात केवळ गुणोत्तर असल्याने १०० व २०० किलोओहमचे रोधक घेतले तरी, निदान कागदावर, उत्तर बदलत नाही.

मात्र सांध्यातून बाहेर प्रवाह घेतला जात नाही, हे या सूत्राचे गृहीतक आहे आणि नवशिक्यांची फसगत बहुधा येथेच होते. वरील मंडलाच्या निर्गमाला २ किलोओहमचा भार (प्रवाह घेणारे उपकरण) जोडला की तो रो२ला समांतर येतो, दोहोंचा मिळून रोध १ किलोओहम होतो आणि दाब २.५ व्होल्टपर्यंत उतरतो. १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या थेव्हनिनच्या प्रमेयानुसार (असे मंडल एक दाब-स्रोत व एक एकसर रोध यांच्या रूपात मांडता येते) हा विभाजक म्हणजे ३.३३ व्होल्टचा उद्गम (स्रोत) व त्याला एकसर जोडलेला सुमारे ६६७ ओहमचा रोध होय. हा अंतर्गत रोध रो१ व रो२ यांच्या समांतर रोधाइतका असतो. भार रो२च्या दहापट, म्हणजे २० किलोओहम घेतल्यास दाब ३.२३ व्होल्ट राहतो व ही घट बहुतेक ठिकाणी चालून जाते. मोजमापाचे उपकरणही भारच असते : ९ व्होल्टवर १० मेगओहमचे दोन रोधक जोडून १० मेगओहम आदान रोधाच्या मल्टिमीटरने सांध्यावरील दाब मोजला, तर अपेक्षित ४.५ऐवजी ३ व्होल्ट दिसतात.

रोध कमी ठेवल्यास भाराचा परिणाम घटतो, पण प्रवाह अकारण वाया जातो व रोधक तापतात. शिवाय आदान दाबातील चढउतार त्याच प्रमाणात निर्गमात उतरतात. त्यामुळे मोटार किंवा दिवा चालवण्यासाठी विभाजक वापरणे अयोग्यच. तेथे दाब नियामक (निर्गत दाब स्थिर राखणारे मंडल) हवा. संकेताची पातळी कमी करणे, ट्रान्झिस्टरला बायस (कार्यासाठी लागणारा ठरावीक स्थिर दाब) देणे आणि संदर्भ दाब पुरवणे ही विभाजकाची खरी कामे. एका रोधकाच्या जागी थर्मिस्टर (तापमानानुसार रोध बदलणारा रोधक) किंवा प्रकाशसंवेदी रोधक बसवला की तापमानातील वा प्रकाशातील बदल दाबाच्या रूपात वाचता येतो, तर अज्ञात रोध मोजण्याचा व्हीटस्टन सेतू म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले दोन विभाजकच होत.

उच्च कंप्रतेला (फ्रिक्वेन्सीला) रोधकांभोवतीची अल्प धारिताही (विद्युतभार साठवण्याची क्षमता) विभाजनात भाग घेते, म्हणून संकेत दहापट क्षीण करणाऱ्या ऑसिलोस्कोप (संकेताचा आलेख दाखवणारे उपकरण) प्रोबमध्ये ९ मेगओहमच्या रोधकाला समांतर धारित्र (कपॅसिटर) जोडून दोन्ही बाजूंचे रोध-धारिता गुणाकार समान ठेवतात.